हात दिसू द्या : जलशांच्या चित्रफिती करणाऱ्यांस अनावृत पत्र

रॉक आणि मेटल संगीताच्या जलशांचे चित्रीकरण, दिग्दर्शन व संकलन करणाऱ्या समस्त व्यावसायिकांस,

स. न. वि. वि.

आपणांपैकी कोणा एकाचे नाव घेऊन हे पत्र लिहिण्याचे मी हेतुतः टाळले आहे, कारण माझी फिर्याद व्यक्तीविरुद्ध नाही, आपल्या धंद्यात वर्षानुवर्षे बिनहरकत चालत आलेल्या एका वहिवाटीविरुद्ध आहे. आणि वहिवाटीवर दावा लावायचा म्हटले की तिच्या सर्वच वारसांना पक्षकार करावे लागते. निमित्त मात्र एकाच चित्रफितीचे आहे. अमेरिकेतील ड्रीम थिएटर या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडने आपल्या वाटचालीच्या विसाव्या वर्षाच्या निमित्ताने 1 एप्रिल 2006 रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्यूझिक हॉलमध्ये जो जलसा केला, त्याची ‘स्कोअर’ या नावाने प्रसिद्ध झालेली डीव्हीडी माझ्या संग्रहातील अत्यंत प्रिय वस्तूंपैकी एक आहे, आणि ती पाहताना माझा जितका जळफळाट होतो तितका कोणत्याही नावडत्या वस्तूने आजवर केलेला नाही. या दोन विधानांत कोणास विसंगती दिसत असेल, तर त्याने पुढील कैफियत शेवटपर्यंत वाचावी, एवढीच प्रार्थना.

न्यूयॉर्कमधील एका जलशाच्या चित्रणाबद्दल महाराष्ट्रातील श्रोत्याने तक्रार करावी, याचा आपणांस प्रथमदर्शनी अचंबा वाटेल. परंतु तक्रारीचा खरा अधिकार, मला वाटते, आमचाच आहे. रेडिओ सिटीच्या आसपास राहणाऱ्या रसिकाला चित्रफीत आवडली नाही तर तो पुढच्या जलशाचे तिकीट काढील. त्याच्या लेखी ती फीत म्हणजे स्वतः अनुभवलेल्या एका रात्रीची स्मरणिका असते. आमच्याकडे या जातीच्या संगीताचे पाय क्वचित लागतात. डिसेंबर 2009 मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लंडचा बँड मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘मूड इंडिगो’ महोत्सवात वाजवून गेला आणि 2019 साली स्वीडनचा ओपेथ पुण्याच्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’मध्ये आला, तेव्हा त्या योगांची चर्चा पुढे वर्षानुवर्षे चालली, यावरूनच त्यांचे दुर्भिक्ष ध्यानात यावे. एरव्ही आमचा सारा व्यवहार तबकड्यांवर. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये, ते दुकान 2016 साली कायमचे बंद होईपर्यंत, परदेशी डीव्हीडींच्या मांडणीपुढे तास घालवणाऱ्या पिढीतला मी एक आहे. त्यातही डीव्हीडी काढणाऱ्यांनी अवघ्या पृथ्वीची जहागिरीसारखी वाटणी करून अमेरिकेला पहिला विभाग आणि हिंदुस्थानला पाचवा विभाग नेमून दिलेला असल्यामुळे, तिकडून आणलेली तबकडी इकडच्या यंत्रावर चालेल की नाही, याची धास्ती घरी पोचेपर्यंत जिवाला लागलेली असे. (संगीताच्या पुष्कळशा तबकड्या या विभागबंदीतून मोकळ्या ठेवल्या जात, हे कबूल केले पाहिजे, पण खात्री यंत्रात घातल्यावरच.) सांगायचे तात्पर्य इतकेच की, आपण कापून-जोडून जे आमच्यापुढे ठेवता तोच आमचा जलसा असतो. आपण जे दाखवले नाही, ते आमच्या दृष्टीने घडलेच नाही.

आता प्रथम गुणवर्णन, कारण ते केल्यावाचून दोषांचे वजन कळायचे नाही. ‘स्कोअर’च्या पूर्वार्धात सुरुवातीची दोन तेव्हाची नवी गाणी सोडली, तर बँड स्वतःचा इतिहास क्रमाने वाजवत जातो: बॉस्टनच्या बर्क्ली संगीत महाविद्यालयात 1985 साली जॉन पेट्रुची, जॉन म्यंग आणि माइक पोर्टनॉय हे तीन विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी ‘मॅजेस्टी’ नावाने बस्तान मांडले, त्या काळचे ‘अनदर वन’ हे गाणे येथे ऐकू येते, पुढे कोणत्याच अल्बममध्ये स्थान न मिळालेले ‘रेझ द नाइफ’ येथे लोकांपुढे येते. उत्तरार्धात जमशीद शरीफी यांच्या दिग्दर्शनाखाली संपूर्ण ऑर्केस्ट्रा मंचावर येतो आणि ‘सिक्स डिग्रीज ऑफ इनर टर्ब्युलन्स’ ही बेचाळीस मिनिटांची रचना अखंड वाजवली जाते. 2002 सालच्या मूळ अल्बमवर या रचनेची नांदी जॉर्डन रुडेस यांनी कीबोर्डवरील कृत्रिम व्हायोलिनांनी आणि कृत्रिम तुताऱ्यांनी उभी केली होती. येथे तेच स्वर हाडामांसाच्या वादकांच्या धनुकल्यांतून आणि फुंकरीतून निघतात. यंत्रात चार वर्षे अडकून पडलेल्या रचनेला असे देह लाभताना पाहणे, हा प्रसंग नोंदवून ठेवल्याबद्दल आपल्या व्यवसायाचा मी आजन्म ऋणी आहे, आणि हे मी उपरोधाने लिहीत नाही.

तशीच दुसरी जागा ‘ऑक्टावेरियम’च्या आरंभाची. चोवीस मिनिटांची ही रचना ज्या दीर्घ, तरंगत्या आलापसदृश भागाने सुरू होते, तो रुडेस ‘कंटिन्यूअम’ नावाच्या वाद्यावर वाजवतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या लिपोल्ड हाकेन यांनी घडवलेल्या या वाद्याला पट्ट्या नाहीत. तांबूस रंगाच्या एका मऊ, सलग पृष्ठभागावर बोट जसे सरकते तसा स्वर सरकतो, आणि दाबाबरोबर त्याचा आवाज कमीअधिक होतो. ज्या देशात पेटीतून मींड निघत नाही, हा एक मोठा आक्षेप धरून 1940 साली तिला नभोवाणीवरून हद्दपार केले गेले आणि ती हद्दपारी सैल व्हायला 1971 साल उजाडावे लागले, त्या देशातील श्रोत्याला पाश्चात्त्य कीबोर्डवादकाच्या बोटाखालून सलग मींड निघताना पाहून काय वाटत असेल, याची कल्पना आपणांस कशी असणार? पण तो सरकणारा हात येथे आपण जवळून दाखवला आहे. दाखवला म्हणूनच मला कळले की हे स्वर कोणत्याही कळीच्या करामतीने येत नसून बोटाच्या निग्रहाने येतात. सुस्थळी पडलेल्या स्वराला थोडासा कंप देताना रुडेस यांचे बोट सतारीच्या पडद्यावरच्या बोटाप्रमाणेच हलते, ही गोष्ट कानांनी मला कधीच सांगितली नसती.

याच ठिकाणी माझ्या तक्रारीचा उगम आहे. एका वाद्याच्या बाबतीत जे आपणांस साधले, ते तीन तासांच्या उरलेल्या कार्यक्रमात आपण करू नये असा कोणता हुकूम आहे?

प्रोग्रेसिव्ह मेटल हा प्रकार आवेशाचा आहे, त्याहून अधिक तो हिशेबाचा आहे. साध्या रॉकमध्ये चार मात्रांचे आवर्तन एकदा बसले की ते गाणे संपेपर्यंत हलत नाही; येथे सात, नऊ, तेरा अशी आवर्तने एकामागून एक येतात, मध्येच अर्धी मात्रा गळते, आणि ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ या ड्रीम थिएटरच्या वाद्यरचनेत तर सहा मिनिटांच्या आसपास ताल शंभराहून अधिक वेळा बदलतो. रूपक आणि झपताल बोटांच्या पेरांवर मोजत लहानाचा मोठा झालेल्या आमच्यासारख्याला या संगीताची गोडी लागते ती बहुधा याच दाराने. समेची वाट पाहायची सवय अंगात मुरलेली असते. सम कोठे पडेल हे सांगता येत नाही, पण ती पडणार हे निश्चित असते, आणि त्या अनिश्चित निश्चितीतच सारा आनंद साठवलेला असतो. बैठकीत श्रोत्याचे डोळे अशा वेळी गायकाच्या मुखाकडे नसतात. ते तबलजीच्या हाताकडे असतात. तिहाई कोठून उचलली आणि ती कोठे उतरणार, याचा अंदाज हाताच्या उचलीवरून बांधला जातो आणि समेवर माना एकदम हलतात.

हाच श्रोता आपली चित्रफीत लावून बसतो. पेट्रुचींची गिटार आणि रुडेस यांचा कीबोर्ड एकाच वेगवान स्वरमालिकेत, अक्षरशः एका श्वासात, खाली उतरत असतात. दोन वाद्ये, वीस बोटे आणि एकच वाट. या क्षणी माणसाला काय पाहावेसे वाटेल? दोन्ही हात एकाच चौकटीत, दुसरे काही नाही. आपण मात्र प्रथम गिटारचा दांडा दाखवता, मग वादकाचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा, मग क्रेनवरून घेतलेले सभागृहाचे विहंगम दृश्य, मग पहिल्या रांगेत मूठ उंचावलेला एक तरुण, मग ड्रमच्या झांजेवर चमकणारा दिवा. आणि ज्या अचूक क्षणी मालिका समेवर येते त्या क्षणी पडद्यावर असतो गायक जेम्स लाब्री, जो त्या वेळी गात नाही, बाजूला उभा राहून पाणी पीत असतो. पंगतीत बसलेल्या पाहुण्याने घास उचलायच्या आत त्याच्या पानातला पदार्थ काढून घेऊन दुसरा वाढणाऱ्या अतिउत्साही यजमानासारखे हे आपले वर्तन आहे. प्रत्येक पदार्थ चांगला असतो, वाढण्यात कुचराई नसते, आणि पाहुणा उपाशी उठतो.

या दृश्यबदलांना ताल असतो, असा बचाव आपल्यातील काहीजण करतील. असतो खरा. पण तो चार मात्रांचा, सरधोपट असतो, आणि खाली संगीत तेरा मात्रांचे चाललेले असते. त्यामुळे कान एक आवर्तन मोजतात आणि डोळ्यांना दुसरेच मोजावे लागते. अखेर श्रोता डोळे मिटून घेतो. चित्रफितीच्या प्रेक्षकाने डोळे मिटून घ्यावेत, यापरता त्या चित्रफितीचा पराभव तो कोणता?

दुसरा बचाव अधिक प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा विचार सावकाशीने केला पाहिजे. एकाच कोनातून लांबलचक चित्रण पाहणे प्रेक्षकाला सोसत नाही, तो कंटाळतो, असे आपले म्हणणे. कोणता प्रेक्षक? जो माणूस बेचाळीस मिनिटांची रचना ऐकण्यासाठी पदरचे पैसे मोडून तबकडी विकत घेतो, त्याच्या चित्ताच्या चंचलतेची काळजी आपण कशाला वाहावी? दीर्घ काळ एका गोष्टीवर लक्ष स्थिर ठेवण्याची शक्ती ही तर या संगीताचा श्रोता होण्याची पहिली अट. जो ती पुरी करून आला आहे, त्याला आपण दर दोन-तीन सेकंदांनी हलवून जागे करता.

आणि लांबलेल्या दृश्याने कंटाळा येतो हे गृहीतकच मुळात तपासून घेण्यासारखे आहे. आपल्या व्यवसायाच्या दप्तरातलाच एक दाखला देतो. 25 नोव्हेंबर 1976 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात ‘द बँड’ या संचाचा निरोपाचा जलसा झाला आणि मार्टिन स्कोर्सेसी यांनी त्याचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा चित्रपट केला. कोणत्या ओळीला कोणाकडे पाहायचे, कोणत्या वाद्याची कोणती जागा केव्हा येणार, याचा तपशीलवार आराखडा त्यांनी आधीच तयार करून ठेवला होता. हे मी मुद्दाम सांगतो; कारण ‘अहो, रात्रीच्या धांदलीत कोणाला ठाऊक पुढे काय वाजणार?’ ही सबब त्यामुळे निकालात निघते. परंतु माझ्या दाखल्याचा गाभा पुढेच आहे. ब्लूजचे वयोवृद्ध गायक मडी वॉटर्स मंचावर आले तेव्हा बहुतेक कॅमेरे फीत बदलण्यासाठी थांबवले गेले होते. लास्लो कोवाच या छायालेखकांनी मात्र सततच्या सूचनांनी वैतागून कानांवरचे यंत्र काढून ठेवले होते, त्यामुळे थांबण्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही आणि त्यांचा कॅमेरा चालू राहिला. परिणामी ‘मॅनिश बॉय’ हे गाणे जवळजवळ एकाच कॅमेऱ्याच्या साक्षीने आपल्यापुढे येते. आराखडा नाही, पर्याय नाही, कापण्याजोगे काही हाताशी नाही. आणि अवघ्या चित्रपटात त्या गाण्याइतका थरारणारा भाग माझ्या मते दुसरा नाही. एक म्हातारा माणूस उभा आहे, तो गात आहे, आणि आपल्याला त्याच्यापासून सुटका नाही. कोवाच यांनी कानांवरचे यंत्र काढून ठेवल्याबद्दल त्यांना इनाम द्यायला हवे होते. पुढे जोनाथन डेमी यांनी डिसेंबर 1983 मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात टॉकिंग हेड्स या बँडचे जे चित्रण केले, त्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’मध्ये दृष्टी निवांत ठेवण्याचे हेच धोरण बुद्धिपुरस्सर पत्करलेले दिसते, आणि श्रोत्यांचे चेहरे तर अखेरपर्यंत जवळजवळ वर्ज्यच. हे दोन्ही चित्रपट अभिजात म्हणून मानले जातात. मग त्यांचा धडा आपल्या शाखेपर्यंत पोचला कसा नाही?

माझी यापुढची तक्रार एका व्यक्तीच्या वतीने आहे, आणि त्या व्यक्तीने मला वकीलपत्र दिलेले नाही. जॉन म्यंग हे ड्रीम थिएटरचे संस्थापक-सभासद. सहा तारांची बास गिटार ते वाजवतात, मंचावर फारशी हालचाल करत नाहीत, बोलत तर जवळजवळ नाहीतच. केस उडवणे, काठी हवेत फेकून झेलणे, श्रोत्यांना टाळ्या वाजवायला लावणे, यांतले काहीही त्यांच्याकडून होत नसल्यामुळे आपल्या कॅमेऱ्याला त्यांच्यात काही ‘घडताना’ दिसत नाही. माइक पोर्टनॉय यांच्याकडे कॅमेरा वारंवार वळतो, हे मी समजू शकतो. ते गृहस्थ ड्रम वाजवताना एक स्वतंत्र नाटक करत असतात आणि ते नाटक बघण्यासारखेही असते. पण अवघड आवर्तनांच्या चक्रव्यूहात गिटार आणि ड्रम परस्परांपासून दूर जातात, तेव्हा त्यांना बांधून ठेवणारी दोरी ज्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत आहे, ते म्यंग आपल्या चौकटीच्या कडेला अर्धे कापलेले उभे असतात. ‘स्कोअर’च्या शेवटी ‘मेट्रोपोलिस’ हे गाणे येते; त्यात दोन्ही हातांची बोटे तारांवर आघात करून वाजवायचा बासचा एक छोटा स्वतंत्र भाग आहे. आपण तो दाखवता, नाही असे नाही. पण तेवढा भाग संपला की त्यांची पाळी संपली, असा आपला हिशेब दिसतो. शाळेच्या संमेलनात प्रत्येक मुलाला एक वाक्य देण्याची पद्धत असते, त्यापलीकडे या न्यायाची मजल जात नाही.

ऑर्केस्ट्राच्या वाट्याला तेवढेही येत नाही. रेडिओ सिटीच्या त्या रात्री पडद्यावर व्हायोलिनवादकांची रांग माझ्या डोळ्यांपुढून तरळून जाते, कोणाचा हात ठरत नाही, कोणाचा चेहरा स्मरणात राहत नाही. इतक्या माणसांना पाचारण करून त्यांचा उपयोग अखेर पार्श्वभूमीच्या कनातीसारखा झाला. 25 मार्च 2014 रोजी बॉस्टनच्या ऑपेरा हाउसमध्ये झालेल्या याच बँडच्या जलशाची ‘ब्रेकिंग द फोर्थ वॉल’ ही फीत या बाबतीत काहीशी उजवी आहे, आणि तिचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या रात्री एरेन बाशबू यांच्या दिग्दर्शनाखाली बर्क्ली महाविद्यालयाचेच विद्यार्थी साथीला होते. एके काळी त्याच महाविद्यालयात शिकत असताना ज्यांनी बँड काढला, त्यांच्या मागे आजचे विद्यार्थी बसले आहेत, हा योग कोणत्याही कथाकाराने हेवा करावा असा. ‘इल्युमिनेशन थिअरी’ या रचनेच्या मध्यावर काही मिनिटे बँड पूर्णपणे थांबतो आणि केवळ तंतुवाद्ये बोलत राहतात. तेवढा वेळ मंचाच्या पुढच्या भागात पाहण्यासारखे काही उरतच नाही, म्हणून आपला कॅमेरा नाइलाजाने त्या मुलामुलींकडे वळतो. आणि मग कळते की त्यांच्या मुद्रांवर केवढी एकाग्रता आणि केवढी धास्ती आहे. एखाद्या पोरीने आपला स्वर बरोबर लागल्यावर शेजारणीकडे टाकलेला चोरटा कटाक्ष हा अशा चित्रफितीचा ऐवज असतो. तो टिपण्यासाठी बँडने वाजवणे बंद करावे लागावे काय?

कथा सांगण्याच्या हौसेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. 30 ऑगस्ट 2000 रोजी न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये याच बँडने ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा संपूर्ण अल्बम सादर केला, नट आणले, गॉस्पेल गायकवृंद आणला, आणि त्याचे ‘मेट्रोपोलिस 2000’ या नावाने चित्रण झाले. अल्बमचा नायक संमोहनावस्थेत जातो आणि 1928 साली खून झालेल्या एका तरुणीचा जन्म आपलाच होता, असे त्याला उमगते. पूर्वजन्माच्या गोष्टीचे आम्हांला काय अप्रूप! ती आम्ही अर्ध्या इशाऱ्यात समजून घेतो. परंतु आपण ती समजावून सांगण्यासाठी वादनावर वारंवार अभिनयाच्या चित्रणाचे तुकडे आणून बसवले, त्यामुळे ऐन मोक्याच्या जागी वादक दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी जुन्या पोशाखातील मंडळी दारे उघडताना व लावताना दिसू लागतात. रोझलँड 2014 साली बंद झाले, पुढे ती वास्तूही राहिली नाही. त्या रात्रीचा दृश्य दस्तऐवज म्हणून आज ही फीतच काय ती शिल्लक. आणि दस्तऐवजावर असा मजकूर चढवून ठेवणे कोणत्याही कचेरीत खपले नसते.

2008 सालच्या ‘केऑस इन मोशन’विषयी मी फारसे लिहिणार नाही. बुएनोस आयर्स, रॉटरडॅम, टोरांटो, बॉस्टन, बँकॉक, व्हँकूव्हर अशा निरनिराळ्या शहरांत घेतलेली गाणी तीत एकत्र केली आहेत. प्रवासवर्णन म्हणून ठीक. पण एका जलशाला आरंभ असतो, मध्यावरचा शीण असतो, शेवटी पुन्हा उसळी असते, वादकांचे अंगरखे हळूहळू घामाने भिजत जातात. गाण्यागणिक शहर आणि अंगरखा बदलू लागला की त्यांतले काहीच उरत नाही.

श्रोतृवर्गाच्या दर्शनाला माझा सरसकट विरोध आहे, असा समज मात्र होऊ देऊ नये. 23 नोव्हेंबर 2002 रोजी रिओच्या माराकाना क्रीडांगणात कॅनडाच्या रश या बँडचा जो जलसा झाला, त्याच्या ‘रश इन रिओ’ या फितीत ‘वायवायझेड’ ही वाद्यरचना येते. टोरांटोच्या विमानतळाची सांकेतिक अक्षरे तारायंत्राच्या मोर्स लिपीत लिहिली असता जो लघुगुरुक्रम होतो, त्यावर तिचा आरंभ बेतलेला आहे; मात्रा दहा, पण झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन अशा विभागणीशी तिचे काही नाते नाही. या रचनेला शब्द नाहीत. तरीही हजारोंचा तो समुदाय उड्या मारत गिटारची धून गळ्याने गातो आहे! येथे श्रोत्यांकडे कॅमेरा वळला नसता तर मी त्याच्यावर फिर्याद गुदरली असती, कारण येथे श्रोते संगीतात भाग घेत आहेत, गाण्याचे एक वाद्यच झाले आहेत. रेडिओ सिटीतला मूठ उंचावणारा तरुण काय करतो आहे? तो आनंदात आहे, एवढेच. त्याच्या आनंदाबद्दल मला समाधान वाटते; पण त्याचा आनंद पाहण्यासाठी माझा आनंद तहकूब ठेवावा, हा न्याय मला मान्य नाही.

ध्वनीविषयी एकच मागणी करतो. जलशाचे ध्वनिमुद्रण नंतर स्टुडिओत दुरुस्त केले जाते, चुकलेला स्वर बदलला जातो, घसरलेली ओळ पुन्हा गाऊन घेतली जाते, हे आता गुपित राहिलेले नाही. थिन लिझी या बँडच्या 1978 सालच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’मध्ये प्रत्यक्ष जलशातील किती आणि नंतरचे किती, याबद्दल निर्माते टोनी व्हिस्कोंटी आणि खुद्द बँडची बाजू यांची विधाने जुळत नाहीत, आणि तो वाद आजही मिटलेला नाही. दुरुस्ती करू नका, असा माझा आग्रह नाही. गळा हा माणसाचा असतो आणि रात्र लांब असते. फक्त वेष्टनावर तशी स्पष्ट नोंद असावी. औषधाच्या बाटलीवर जे लिहिणे सक्तीचे आहे, ते गाण्याच्या तबकडीवर ऐच्छिक तरी असावे. लाब्री यांचा एखादा उंच स्वर न लागता तुटला तर माझे प्रेम कमी होणार नाही. उलट, तो लागलेला असूनही खरा की खोटा, अशी शंका घेत बसावे लागते, तेव्हा ते थोडे कमी होते.

या सर्वांवरील उपाय आपल्याच हातून एकदा घडून गेला आहे, म्हणून तर मला गप्प बसवत नाही. 26 एप्रिल 2004 रोजी टोकिओच्या बुडोकान सभागृहात झालेल्या ड्रीम थिएटरच्या जलशाची ‘लाइव्ह ॲट बुडोकान’ ही डीव्हीडी निघाली, तेव्हा तिच्या दुसऱ्या तबकडीवर ‘इन्स्ट्रुमेडली’ या निरनिराळ्या वाद्यरचना गुंफून केलेल्या प्रदीर्घ तुकड्याची अशी आवृत्ती दिली होती की, प्रेक्षकाने दूरनियंत्रकावरील एक कळ दाबून कोणत्या वादकाकडे पाहायचे ते स्वतः ठरवावे. एरव्ही ज्या कळीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ती कळ त्या दिवशी प्रथम कामी आली. म्यंग यांच्याकडे पाहत बसायचे आहे? बसा. ड्रमवरील पायांचे काम समजून घ्यायचे आहे? घ्या. मी तो तुकडा प्रत्येक वादकाच्या वाटेने वेगवेगळा ऐकला आणि प्रत्येक वेळी ती एक निराळीच रचना निघाली. ज्या आवर्तनात मी नेहमी चुकत असे, ते म्यंग यांच्या बोटांकडे पाहत असता एका बैठकीत सुटले. डीव्हीडीच्या मूळ मसुद्यातच नऊ कोनांपर्यंतची तरतूद आहे. म्हणजे यंत्र तयार होते, कायदा अनुकूल होता, नमुना सिद्ध झाला होता, आणि तो सोयीचा दरवाजा आपण बक्षिसाच्या तबकडीवरील एका तुकड्यापुरता किलकिला करून पुन्हा लावून घेतलात.

तेव्हा माझी दरखास्त अशी आहे. मुख्य चित्रफीत आपण आपल्या वहिवाटीप्रमाणे कापा. क्रेन फिरवा, दिवे दाखवा, ज्यांना ते आवडते त्यांचा हक्क मी कशाला हिरावून घेऊ? पण तिच्या जोडीला, निदान केवळ वाद्यांच्या भागांसाठी, न कापलेली, स्थिर दृश्ये द्या. खर्चाचा प्रश्न असल्यास नऊ कोन नकोत, दोन पुरेत: एक सर्व मंच एका नजरेत सामावणारा, आणि दुसरा हातांचा. संकलन करणाऱ्याच्या मेजावर रचनेच्या आवर्तनांचा साधा तक्ता ठेवला जाईल, अशी तजवीज करा. तो बनवून देणारे श्रोते आपणांस जगात कोठेही मिळतील, आणि पुण्यामुंबईतले तर बिनमोबदला बनवून देतील. 2010 साली बँड सोडून गेलेले पोर्टनॉय 2023 मध्ये परत आले आहेत, म्हणजे आपल्या कॅमेऱ्यांना पाहण्यासारखे नाटक पुन्हा मिळाले आहे, हे मी जाणून आहे. ते जरूर दाखवा. फक्त पुढच्या खेपेस एखादा कॅमेरा मंचाच्या ज्या बाजूला बासवादक उभा असेल त्या बाजूला कायमचा रोवून ठेवा, आणि तो चालवणाऱ्या गृहस्थांना कानांवरचे यंत्र काढून ठेवण्याची परवानगी द्या.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
पुण्यातील एक श्रोता